सरकारांच्या वॉर्डात नाव विचारत नाहीत

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाच्या मुख्य सिस्टरांना सगळं हॉस्पिटल पाठीमागे 'सरकार' म्हणायचं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, आवडत होतं. कुणी चुकून तोंडावर म्हणून गेलं तर त्या रागावल्यासारखं करायच्या, आणि त्या दिवशी त्या माणसाने रजा मागितली तर ती हमखास मंजूर व्हायची.

सरकारांचा आत्मविश्वास जन्मापासूनचा. लहानपणी धाकट्या भावाच्या पायात काटा मोडला, तेव्हा घरातली मोठी माणसं सुई शोधत होती आणि सरकार सुई घेऊन बसल्यासुद्धा होत्या. पाय मात्र त्यांनी दुसराच धरला. भाऊ बोंबलून सांगत होता, पण ज्याच्या पायात काटा आहे त्याला त्यातलं काय कळतं, या मताच्या त्या तेव्हापासूनच. बराच वेळ उकरून काही हाती लागेना, तेव्हा "विरघळला आतल्या आत," असा निकाल देऊन त्या हात धुवायला उठल्या. आई कौतुकाने म्हणाली, ही पोरगी नर्स होणार. भाऊ काय म्हणाला ते कुणी ऐकलं नाही.

पोरगी नर्स झाली. आणि झाली ती अशी, की हॉस्पिटलला दुसरं घर म्हणणारे पुष्कळ असतात, सरकारांना घर हे दुसरं हॉस्पिटल वाटायचं, आणि तेही जरा गलथान कारभाराचं. रजा त्यांनी कधी घेतली नाही. ताप आला तरी वॉर्डात हजर, आणि मग तो ताप वॉर्डातल्या सगळ्यांना थोडा थोडा वाटून व्हायचा. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा जेवणं उरकल्यावर त्या भरजरी साडीत वॉर्डात येऊन एक फेरी मारून गेल्या होत्या आणि जाताना दोघांना पाठ करून झोपल्याबद्दल बोलून गेल्या होत्या.

आता एवढी निष्ठा आणि एवढा आत्मविश्वास म्हटल्यावर काम सोन्यासारखं असेल असं कुणालाही वाटेल. तशी काही सक्ती नसते. वॉर्ड दिसायला देखणा होता यात वाद नाही. चादरींचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले असत, आणि ते विस्कटू नयेत म्हणून रोग्यांनी कूस बदलायची नसे. पट्टी बांधायची ती करकचून. बोटं निळी पडली तर ती रोग्याची ढिलाई. पण सरकारांचं खरं दुखणं होतं ते शिरांचं. रक्त काढायला किंवा सलाईन लावायला त्यांनी दंड आवळला, की आतली शीर जी गायब व्हायची ती व्हायचीच. सरकार एकदा टोचायच्या, दुसऱ्यांदा टोचायच्या, मग सुई आत ठेवूनच दिशा बदलायच्या आणि रोग्याकडे तिरस्काराने बघून म्हणायच्या, "तुमच्या शिरा पळतात."

रोगी ओशाळायचा. आपल्या शिरा असल्या भेकड निघाव्यात याची त्याला लाज वाटायची. हॉस्पिटलात आणखीही वॉर्ड होते आणि तिथल्या शिरा जागच्या जागी कशा राहतात, हा विचार करण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नसायची.

सरकारांना तुच्छ वाटणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. शिकाऊ डॉक्टर, नातेवाईक, दुबळं हृदय, पंख्याबद्दल तक्रार करणारे लोक. पण सगळ्यात वरचं स्थान होतं 'घड्याळा'चं. घड्याळ म्हणजे त्यांच्याच बरोबरीची, वयाने थोडी लहान असलेली एक सिस्टर. हे नाव सरकारांनीच ठेवलेलं, कारण ड्यूटी संपायची वेळ झाली की ही बाई पर्स खांद्याला लावून जिन्यात असायची. हॉस्पिटलबद्दल तिला काडीचं प्रेम नव्हतं. गॅदरिंगला यायची नाही, वाढदिवसाचा केक खायची आणि गाणं म्हणायची वेळ आली की नळ बंद करायला निघून जायची. आणि आत्मविश्वासाच्या नावाने तर ठणठणाट. औषधाची बाटली उचलताना बघायची, भरताना बघायची, ठेवताना पुन्हा बघायची. शंका आली की डॉक्टरांना विचारायची, डॉक्टरांना शंका आली की डॉक्टरांच्या डॉक्टरांना विचारायची. आणि कहर म्हणजे महिनाभर तिथेच पडून असलेल्या रोग्यालासुद्धा प्रत्येक गोळीच्या आधी विचारायची, "नाव सांगा तुमचं."

"अगं, सकाळी तूच त्याला आंघोळ घातलीस," सरकार एकदा म्हणाल्या होत्या.

"हो ना."

"मग दुपारपर्यंत तो बदलला?"

"तो नसेल बदलला," घड्याळ म्हणाली, "पण माझा घोटाळा होऊ शकतो ना. आणि घोटाळा झाला की निस्तरत बसावं लागतं. मला पाचला घरी जायचंय."

घड्याळाची एकंदर कर्तव्यबुद्धी ही अशी होती. सरकारांना शिसारी आली. ज्या बाईला स्वतःवर भरवसा नाही आणि संस्थेवर माया नाही, तिच्या हातून काम होणार तरी कसं? होत होतं, हा भाग वेगळा. तिकडे सरकार लक्ष देत नसत.

सरकारांच्या वॉर्डात नाव विचारायची पद्धत नव्हती. रोग्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधा असा हुकूम वरून आला, तेव्हा "बाजारात नेतात का यांना, गुरांसारखं?" म्हणून त्यांनी पट्ट्यांचं खोकं कपाटावर टाकून दिलं. त्यांच्याकडे पलंगाचा नंबर चालायचा. सात नंबरला एनिमा, बारा नंबरला घरी सोडा, नऊ नंबर कण्हतोय त्याला गप करा. माणसं येत-जात, नंबर कायम राहत. सरकारांची निष्ठा कायम राहणाऱ्या गोष्टींवर होती.

अशात मेट्रनबाई निवृत्त होणार असल्याची बातमी आली, आणि सरकारांना मेट्रनच्या खुर्चीची स्वप्नं पडायला लागली. स्वप्नं म्हणणंही बरोबर नाही. त्या खुर्चीवर आपण बसलोच आहोत आणि मेट्रनबाई तेवढ्या उठायच्या राहिल्यात, असं त्यांना वाटायचं. तळमजल्यावरची स्वतंत्र खोली, दारावर पाटी, टेबलावर घंटी. तिशीपासून त्यांचा डोळा त्या घंटीवर होता. हॉस्पिटलचे मालक असलेले मोठे डॉक्टर दोघींमधून एकीला निवडणार, असं कानावर आलं. एक सरकार, हे उघडच होतं. दुसरी घड्याळ निघाली तेव्हा सरकार खोकला लागेपर्यंत हसल्या.

मोठ्या डॉक्टरांना निवड करण्याआधी आपल्या नर्सेसचा विकास करावासा वाटला. श्रीमंत माणसाला अधूनमधून अशी उबळ येते. त्यांनी एक व्याख्याते बोलावले. गृहस्थांनी आयुष्यात कधी बेडपॅन उचललेलं नसावं, पण नर्सेसचं काम कशाने सुधारतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. "स्वतःवर विश्वास आणि कामावर निष्ठा," ते म्हणाले, "या दोन गोष्टी असल्या की उत्तम काम आपोआप होतं." मग त्यांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि 'मी करू शकते' असं म्हणायला लावलं. पहिल्या रांगेत बसलेल्या सरकारांनी मान अशी डोलावली, जणू व्याख्यान त्यांनीच लिहून दिलं होतं. तिसऱ्या 'मी करू शकते'च्या सुमाराला पाच वाजले आणि घड्याळ पर्स घेऊन उठली. सरकारांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. मोठ्या डॉक्टरांनीही पाहिलं होतं. सरकारांना घंटीचा आवाजच ऐकू आला.

निर्णय व्हायच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी स्वतः एक ऑपरेशन लावलं, सरकारांच्या वॉर्डातल्या सात नंबरच्या हर्नियाचं. म्हणजे परीक्षाच. सरकारांनी त्या सकाळी केस चापून बांधले आणि तयारी स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं.

आता सात नंबरवर जो खरा रोगी होता, तो एक सायकली दुरुस्त करणारा मिशाळ गृहस्थ. रात्रीपासून उपाशी ठेवल्यामुळे त्याचा जीव चहासाठी कासावीस झाला होता. पहाट उजाडली तसा तो मागच्या जिन्याने सटकला आणि समोरच्या दुकानात जाऊन बसला. वॉर्डात सोबतीला राहिलेला त्याच्या बायकोचा भाऊ मागे उरला. रात्रभर बाकावर बसून त्याची पाठ धरली होती. दाजी येईपर्यंत जरा आडवं व्हावं म्हणून तो दाजींच्या पलंगावर पसरला आणि चादर ओढून घेतली. मिशा त्यालाही होत्या. सरकारांनी चादर खेचली.

"सात नंबर, उठा. एनिमा."

"अहो नाही, मी मेव्हणा आहे."

"प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा मेव्हणा असतोच. कुशीवर व्हा."

"मला काही झालेलं नाही, बाई."

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कुणालाच काही झालेलं नसतं," सरकार म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पोटात दोन बोटं खुपसली. "दुखतं?"

"असं दाबल्यावर थोडं..."

"बघा."

मेव्हणा हा भिडस्त माणूस. दुकानात दुसऱ्याच्या मापाचा सदरा गळ्यात पडला तर तोच घालून वर्ष काढणारा. त्याने आणखी दोनदा तोंड उघडलं, पण सरकारांच्या आवाजात इतकी खात्री होती की त्याला स्वतःच्या माहितीबद्दलच शंका यायला लागली. एनिमा झाला तेव्हा त्याला थकवा वाटला. पोटाखालचे केस काढून झाले तेव्हा आपल्याला गेले काही महिने बरं नव्हतंच, असं त्याला आठवलं. हिरवा झगा चढवल्यावर त्याने बारीक आवाजात विचारलं, "फार दुखेल का हो?"

"माझ्या हातचे पेशंट दुखत नाहीत," सरकार म्हणाल्या, आणि सलाईनसाठी शीर शोधायला लागल्या. मेव्हण्याच्या शिराही पळाल्या. दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवून, ते काम थिएटरवाल्यांवर सोपवून, सरकारांनी मावशींना स्ट्रेचर ढकलायला सांगितलं. मावशी म्हणजे वॉर्डातली जुनी आयाबाई. ती स्ट्रेचरवरच्या माणसाकडे टक लावून बघत राहिली.

"सिस्टर, हा काल बाकावर बसलेला नव्हता का?"

"मावशी, वॉर्ड कोण चालवतं?"

"तुम्ही."

"मग स्ट्रेचर चालवा."

ऑपरेशन थिएटरच्या दारात रोगी ताब्यात घ्यायचं काम त्या आठवड्यात घड्याळाकडे होतं. सरकारांना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्या स्वतः स्ट्रेचरबरोबर आल्या होत्या. आत काचेपलीकडे मोठे डॉक्टर हात धूत होते. त्यांना दोघी शेजारीशेजारी दिसाव्यात, एवढीच सरकारांची इच्छा. ती पूर्ण झाली.

घड्याळ स्ट्रेचरवर वाकली. "नाव सांगा तुमचं."

मेव्हण्याने सरकारांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सात नंबर."

"ते पलंगाचं झालं. तुमचं?"

मेव्हण्याने चाचरत आपलं नाव सांगितलं. घड्याळाने कागद पाहिला. पुन्हा विचारलं. पुन्हा कागद पाहिला.

"घाबरलाय तो," सरकार म्हणाल्या. "भूल द्यायच्या आधी माणसं स्वतःचं नाव विसरतात. मी सांगते, घे आत."

"तुम्ही नका सांगू, सिस्टर. त्यांना सांगू दे." ती परत वाकली. "हर्निया कुठल्या बाजूला आहे?"

"सिस्टर म्हणतील त्या बाजूला," मेव्हणा म्हणाला.

"याच्यावर वेळ घालवू नकोस," सरकार म्हणाल्या. "तुझ्यात आत्मविश्वास नाही, त्याला मी काय करू?"

घड्याळ दारातून हलली नाही. आत्मविश्वास तिच्यात खरंच नव्हता. पण दार अरुंद होतं आणि ती त्यात उभी होती. मोठे डॉक्टर ओले हात वर धरून बाहेर आले. तेवढ्यात जिन्याकडून गलका झाला. मिशांना बिस्किटाचा चुरा लागलेला एक गृहस्थ, "माझ्या पलंगावरचा माणूस कुठे नेलात?" असं विचारत येत होता. त्याला स्ट्रेचर दिसलं.

"अरे, तू इथे काय करतोयस?"

मेव्हणा कोपरावर उठला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता. "दाजी," तो म्हणाला, "मला वाटलं, तुमच्याऐवजी चालत असेल."

मोठ्या डॉक्टरांनी दोघांच्या मिशा पाहिल्या. ओले हात तसेच धरून ते आत गेले आणि दार लागलं. मावशी भिंतीकडे तोंड करून पदर दातांत धरून उभी होती. सरकार तेवढ्या बोलत राहिल्या. पेशंट चहाला पळतात, त्यांना कोण विचारणार? नातेवाईक पलंगावर झोपतात, त्यांना कोण विचारणार? ऐकायला आता फक्त मेव्हणा होता, आणि तो पायजमा शोधत होता.

त्या संध्याकाळी सरकार प्रथमच वेळेवर घरी आल्या. नवरा दचकला. तो एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, बोलायला बेताचा, आणि अंगात साखर असलेला माणूस. सरकारांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्या हकिकतीत सगळेच चुकले होते, फक्त एक जण सोडून.

"खुर्ची गेली," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"जाऊ दे. चहा घे," नवरा म्हणाला, आणि कप पुढे करताना त्याची बाही वर सरकली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा होता, त्यावर चिकटपट्टी. साखरेच्या तपासणीला तो मधूनमधून रक्त देऊन यायचा.

"कुणी काढलं?"

"कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. नेहमीसारखं."

सरकारांनी त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला. चिकटपट्टीचं एक टोक आत दुमडलेलं होतं, म्हणजे काढताना नखाने खरवडत बसायला नको. सगळ्या हॉस्पिटलात ही असली उठाठेव करणारी एकच बाई होती, आणि ती पाचला घरी जायची.

"कोपऱ्यावरचा दवाखाना टोकं दुमडत नाही," त्या म्हणाल्या. "कधीपासून जाताय तिच्याकडे?"

नवऱ्याने चहात साखर नसताना चमचा ढवळला. "तूच म्हणतेस ना, माझ्या शिरा पळतात."

"मग?"

"तिच्याकडे नाही पळत."

सरकार त्यानंतर काही बोलल्या नाहीत. नवऱ्याला ही शांतता इतकी नवी होती की त्याने दोनदा विचारलं, तुला बरं नाहीये का.

खुर्ची मात्र गेली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी ती आधी घड्याळापुढे ठेवली. "मेट्रनला घरी कधी जाता येतं?" तिने विचारलं. "तशी ठरावीक वेळ नसते," डॉक्टर म्हणाले. "मग नको," घड्याळ म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून मोकळी झाली. मग सरकारांना बोलावणं आलं. डॉक्टरांनी निष्ठेवर दोन वाक्यं म्हटली, आत्मविश्वासावर एक म्हटलं, आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शिवाय मेट्रनच्या खोलीत पेशंट येत नाहीत."

सरकारांना अर्थ कळला. नको इतका कळला. पण घंटी समोर दिसत होती. "काम मोठं आहे," त्या म्हणाल्या, "पण मी पेलीन."

मेट्रन म्हणून त्यांनी पहिली सभा घेतली ती नाव विचारण्यावर. प्रत्येक रोग्याला, प्रत्येक वेळी, नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, पलंगाचा नंबर सांगून मिळालेलं उत्तर धरायचं नाही, मनगटाला पट्टी हवीच. हे सगळं त्यांनी असं सांगितलं, जणू या दुर्लक्षित विषयावर त्या वर्षानुवर्षं एकट्याच झगडत होत्या. मेव्हण्याचाही उल्लेख झाला. एनिमामुळे त्याचं जुनं बद्धकोष्ठ कायमचं गेलं आणि तो आभार मानायला येऊन गेला, हे सांगताना त्यांनी घंटी वाजवली. मागच्या रांगेत घड्याळ बसली होती. तिची नजर भिंतीवरच्या काट्यांवर होती.

नव्या जागेवर रुजू व्हायचं तर तब्येतीची तपासणी करून घ्यावी लागते. रक्त द्यायचं होतं. तिघीजणी सुया घेऊन धावल्या, तिघीही सरकारांच्या हाताखाली तयार झालेल्या, बेधडक, डोळे मिटून टोचणाऱ्या. सरकारांनी तिघींकडे पाहिलं. आपलं काम त्यांना पहिल्यांदाच बाहेरून दिसलं.

"घड्याळाला बोलवा," त्या म्हणाल्या.

घड्याळ आली. दंडाला पट्टा बांधला, शीर बोटाने चाचपली, बाटलीवरची चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, "नाव सांगा तुमचं."

खोलीतल्या पोरी श्वास रोखून बघायला लागल्या.

"माझं नाव तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. तुम्ही सांगा."

या इमारतीत असं कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. सरकारांनी नाव सांगितलं. आपलं, नवऱ्याचं, मग आडनाव. आवाज बारीक निघाला, झगा घातल्यावर पलंगावरच्या माणसांचा निघतो तसा. घड्याळाने चिठ्ठीशी ताडून पाहिलं, मान हलवली, आणि सुई आत गेलेली त्यांना कळलीच नाही. शीर जागच्या जागी होती.

बोळा ठेवून घड्याळाने चिकटपट्टी लावली, टोक दुमडलं.

"आवाजात जरब हवी," सरकार म्हणाल्या. "नाव विचारताना."

"हो," घड्याळ म्हणाली. पाच वाजायला आले होते. ती पर्स घ्यायला गेली.

घरी नवऱ्याने बाहीखालचा बोळा पाहिला, दुमडलेलं टोक पाहिलं, आणि चहाचा कप पुढे सरकवला.

"तुझ्याही पळतात का गं?"

"गप बसा," सरकार म्हणाल्या, आणि ते टोक धरून पट्टी अलगद काढली.